तिखटाची गोडी

तिखटाची आवड घेऊन कोणीही जन्माला येत नाही. साखरपाण्याचा थेंब ओठांना लागला की नवजात अर्भक तो चोखू लागते, कडू लागले की तोंड वाकडे करते. या दोन्ही प्रतिक्रिया उपजत असतात. मिरचीचा अंश जिभेला लागला तर मात्र कोणतेही मूल रडते, मग ते कोल्हापुरात जन्मलेले असो की कोपनहेगनमध्ये. मिरचीने पोट भरत नाही. नशा येत नाही. तंबाखू किंवा कॉफी सुटल्यावर होतो तसा शारीरिक त्रास मिरची सोडल्यावर होत नाही. असे असूनही जगभरातील कोट्यवधी माणसे ती रोज खातात आणि ताटात नसली तर मागून घेतात. जी वस्तू मुलाला रडवते तीच काही वर्षांनी त्याला हवीहवीशी का वाटू लागते? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांनी आधी जीभ तपासली, आणि शेवटी त्यांना पंगतीकडे वळावे लागले.

आयुर्वेदाने तिखटाची गणना सहा रसांत केली आहे, आणि रोजच्या बोलण्यातही तिखट ही चवच समजली जाते. शरीरक्रियाशास्त्र मात्र तिला वेदनेत जमा करते. गोड, आंबट, खारट, कडू या चवी जिभेवरील रुचिकलिकांतून कळतात. तिखट कळते ते चेहऱ्याला आणि तोंडाला स्पर्श, उष्णता व वेदना यांची जाणीव करून देणाऱ्या ट्रायजेमिनल चेतेतून. ठेचा करणाऱ्याचे हात जळजळतात आणि तोच हात चुकून डोळ्याला लागला तर डोळ्यांची आग होते, याचे कारण तिखट ही वेदना आहे हेच. बोटांना मीठ-साखरेची चव कळत नाही. मिरची मात्र कळते. हा दाह करणारे रसायन म्हणजे कॅप्सेसिन. ते मिरचीच्या बियांत असते असा समज सर्वत्र आहे, पण तो बरोबर नाही. बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्या गाभ्यात ते तयार होते आणि तिथून बियांना लागते. बुखोल्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८१६ मध्ये ते अशुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि १८७६ मध्ये थ्रेश या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने त्याला आजचे नाव दिले. शरीरात ते नेमके कुठे जाऊन बसते हे कळायला त्यानंतर एकशेवीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

तो शोध १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. वेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांशी टीआरपीव्ही१ नावाचे एक प्रथिन असते. तापमान साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर गेले की ते उघडते आणि भाजत असल्याची वर्दी मेंदूकडे जाते. कॅप्सेसिन याच प्रथिनाला चिकटते आणि एरवी ४३ अंशांना उघडणारे हे दार शरीराच्या नेहमीच्या तापमानालाच उघडते. तोंड खरोखर भाजलेले नसते, पण मेंदूपर्यंत पोहोचणारी खबर भाजल्याचीच असते. गरम तर्री गार झालेल्या तर्रीपेक्षा जास्त झोंबते तीही याच कारणाने, कारण तिथे खरी उष्णता आणि मिरचीची भासमान उष्णता एकाच दारातून आत शिरतात. मग तोंडाला पाणी सुटते, नाक वाहते, डोळे भरून येतात, कानशिले तापतात, कपाळावर घाम येतो. शरीर आपल्या परीने अपायकारक वस्तू धुऊन काढण्याचा आणि अंग गार करण्याचा प्रयत्न करत असते. या शोधाबद्दल ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह मिळाले.

मिरचीच्या झाडाला हे रसायन कशासाठी लागते, याचेही उत्तर आता बऱ्यापैकी मिळाले आहे. रानमिरचीची फळे बारीक, लालभडक आणि पक्ष्यांच्या नजरेत भरणारी असतात. पक्षी फळ गिळतात आणि बिया विष्ठेतून दूरवर धडधाकट टाकतात. उंदरांसारखे सस्तन प्राणी मात्र बिया चावून त्यांचा चुरा करतात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ट्युक्सबरी आणि नॅभन यांनी रानमिरचीवर केलेले निरीक्षण २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे पक्षी ही फळे खात होते आणि कुरतडणारे प्राणी त्यांना टाळत होते. पक्ष्यांच्या शरीरातील टीआरपीव्ही१ कॅप्सेसिनला दाद देत नाही, हे पुढच्याच वर्षी सिद्ध झाले. पोपट हिरवी मिरची मजेत खातो हे महाराष्ट्रात घरोघरी पाहिलेले दृश्य. त्यात पोपटाचे धाडस काही नाही, कारण त्याला ती झोंबतच नाही. बोलिव्हियातील पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. किडे फळाला भोके पाडतात आणि त्यांतून बुरशी आत शिरून बिया कुजवते. कॅप्सेसिन त्या बुरशीला आवर घालते.

थोडक्यात, सस्तन प्राण्यांना दूर ठेवणारे रसायन घेऊन ही वनस्पती जगत होती, आणि एका सस्तन प्राण्याने नेमके त्याच रसायनासाठी तिला शेतात आणले. चीनमधील वृक्षचिचुंद्री नावाच्या छोट्या प्राण्यात टीआरपीव्ही१ मध्ये जनुकीय बदल झालेला आढळतो, त्यामुळे तिला मिरची फारशी लागत नाही. माणसाच्या बाबतीत तशी सूट नाही. माणसाला दाह पुरेपूर होतो, आणि तो होत असतानाच आवडतो.

मिरचीची लागवड मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी सुरू केली. तिच्या पाच जाती त्यांनी माणसाळवल्या. कोलंबसाच्या रोजनिशीत १४९३ च्या जानेवारीत तिचा उल्लेख येतो. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि त्यांच्या जहाजांतून ती या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी इथल्या स्वयंपाकात तिखटपणा होता, पण तो मिरी, पिंपळी, आले आणि मोहरी यांचा. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त पदार्थांची सविस्तर वर्णने आहेत, मिरची त्यांत असणे शक्यच नव्हते. मिरीच्या वेलाला मलबारचा पाऊस लागतो आणि तिला नेहमीच भाव असे. मिरची कोणाच्याही परसात, हलक्या जमिनीत येते, वाळवली की वर्षभर टिकते आणि चिमूटभर पुरते. तिखटाची ओळख असलेल्या पण मिरी विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते अशा घरांत ती शिरली, यात नवल नाही. पोर्तुगीजांचे मद्य आणि लसणात मुरवलेले मांस गोव्यात माडाचा व्हिनेगर आणि लाल मिरची घेऊन विंदालू झाले. ज्यांनी मिरची जगभर नेली त्या पोर्तुगीजांच्या स्वतःच्या देशात मात्र तिखट खाणे कधी एवढे रुजले नाही.

चीनची हकिकतही अशीच आहे. तिथे १५९१ मधील गाओ लिअन यांच्या ग्रंथात मिरचीची नोंद शोभेच्या झाडासारखी येते. समुद्रमार्गे ती आधी ज्या पूर्व किनाऱ्याला लागली तिथले जेवण आजही सौम्य आहे. तिने मुक्काम ठोकला तो आतल्या डोंगराळ भागात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ग्वेइचौ प्रांतात मिठाची टंचाई असताना लोक मिठाऐवजी मिरची वापरत, असे तिथल्या स्थानिक वृत्तांतात नोंदलेले आहे. हुनान आणि सिच्वान हे आज तिखटासाठी नावाजलेले प्रांतही याच पट्ट्यातले. जाड्याभरड्या धान्यावर आणि कोरड्या जेवणावर राहणाऱ्यांना थोड्या खर्चात तोंडाला पाणी आणणारी वस्तू हवी होती. मेक्सिकोतील मक्याची पोळी आणि घेवडा, देशावरची भाकरी आणि खर्डा, या जोड्या त्याच गरजेतून जमलेल्या दिसतात.

तिखटाच्या आवडीची जी स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात त्यांतले सर्वांत प्रचलित हवामानाचे आहे. उष्ण प्रदेशात अन्न लवकर नासते, मसाले जंतूंना रोखतात, म्हणून उष्ण देशांतील लोक तिखट खातात, असा सिद्धांत शर्मन आणि बिलिंग यांनी १९९८ मध्ये ३६ देशांतील पाककृती तपासून मांडला. तो इतका पटण्यासारखा होता की पाठ्यपुस्तकांत गेला. लिंडेल ब्रॉमहॅम आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ७० खाद्यपरंपरांतील ३३,७५० पाककृती घेऊन त्याची फेरतपासणी केली आणि त्याला पुरेसा आधार सापडला नाही. मसाल्यांचे प्रमाण तापमानाशी जुळत नव्हते. गरिबीच्या आणि अनारोग्याच्या निर्देशांकांशी ते अधिक जुळत होते, पण तेवढ्यावरून अन्नातील जंतूंचे कारण सिद्ध होत नव्हते. घामाने अंग गार होते ही गोष्ट खरी. तरी दुपारच्या उन्हात अंग गार पडावे या हेतूने मिरची खाणारा माणूस शोधावाच लागेल.

दुसरे स्पष्टीकरण जीभ बधिर होण्याचे. याला शास्त्रीय पाया आहे.  हंगेरीतील सेगेड शहरात मिक्लोश यान्चो यांनी, कॅप्सेसिन वारंवार लावल्यास त्या जागेच्या वेदनावाहक चेता प्रतिसाद देणे थांबवतात, या परिणामाचा अभ्यास केला. चेतांच्या जुनाट दुखण्यावर आज वापरल्या जाणाऱ्या कॅप्सेसिनच्या पट्ट्या याच तत्त्वावर काम करतात. जेवतानाही हे थोडेफार अनुभवाला येते. घासामागून घास घेत गेले की दाह चढत जातो. काही मिनिटे थांबून पुन्हा सुरुवात केली तर तीच भाजी कमी झोंबते. नेहमी तिखट खाणाऱ्यांना दाह काहीसा कमी जाणवतो हेही प्रयोगांत दिसले आहे. पण हा फरक लहान आहे, आणि मुख्य अडचण वेगळीच आहे. वेदना कमी झाली तर मिरची सहन होईल. ती आवडेल का? ज्याची जीभ खरोखर बधिर झाली त्याला मिरची बेचव लागायला हवी. प्रत्यक्षात तिखटाचा शौकीन झणझणीतपणा कमी पडला की तक्रार करतो. त्याला तो दाहच हवा असतो.

वेदनेमुळे मेंदूत एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये स्रवतात आणि त्यांतून सुख वाटते, हे तिसरे स्पष्टीकरण वृत्तपत्रांचे लाडके आहे. ते शक्य असले तरी ठामपणे सिद्ध झालेले नाही, आणि पहिल्याच घासाला रडणाऱ्या मुलाला तेच सुख का मिळत नाही हे त्यातून कळत नाही.

या विषयाला वळण दिले ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी. डेबोरा शिलर यांच्यासह त्यांनी मेक्सिकोच्या वाहाका राज्यातील एका डोंगराळ खेड्यात जाऊन माणसे तिखट खायला कशी शिकतात हे पाहिले. तो अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या खेड्यात मिरचीची चटणी प्रत्येक जेवणात असे. तान्ह्या मुलांना ती कोणी देत नसे. दोन वर्षांच्या पुढे मुलाच्या वाट्याला थोडे थोडे तिखट येऊ लागे, आणि पाच ते आठ वर्षांच्या दरम्यान मुले आपण होऊन चटणी मागून घेत. या सगळ्यात सक्ती नव्हती, बक्षीस नव्हते, ‘खा, ताकद येईल’ असा उपदेशही नव्हता. मूल मोठ्यांमध्ये बसे, त्यांना रोज चटणी चवीने खाताना पाहत असे, आणि हळूहळू त्यांच्यातले होई. त्याच खेड्यातली कुत्री आणि डुकरे उरलेसुरले तिखट अन्न आयुष्यभर खात आली होती. पण तिखट आणि बिनतिखट दोन्ही समोर ठेवले तर तिखट निवडण्याची आवड त्यांच्यात उत्पन्न झालेली नव्हती. मिरचीशी रोजची गाठ माणसांची होती तशी या जनावरांचीही होती. पंगत मात्र फक्त माणसांची होती.

प्रयोगशाळेतील उंदरांनी हा मुद्दा आणखी स्पष्ट केला. रोझिन यांनी उंदरांना दीर्घकाळ मिरचीमिश्रित अन्न देऊन पाहिले, तरी बहुतेकांना त्याची गोडी लागली नाही. पुढे कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात बेनेट गेलेफ यांनी वेगळी मांडणी केली. ज्याने नुकतेच तिखट अन्न खाल्ले आहे अशा उंदराच्या सहवासात दुसऱ्या उंदराला ठेवले, तेव्हा त्या दुसऱ्याचा तिखट अन्नाकडे ओढा वाढला. एकट्याने खाऊन जे साधले नव्हते ते सोबतीने साधले. माणसांच्या निकट सहवासात वाढलेल्या चिंपांझींनाही तिखटाची आवड लागल्याची नोंद रोझिन यांनी १९८३ मध्ये केली. मुलांच्या बाबतीत लिऍन बर्च यांनी १९८० मध्ये दाखवून दिले होते की नावडती भाजी आवडीने खाणाऱ्या समवयस्कांच्या टेबलावर मूल काही दिवस जेवले की तेही ती भाजी निवडू लागते.

मराठी घरांतली रीत वाहाकापेक्षा फार निराळी नाही. बाळाचे जेवण गुरगुट्या भाताने सुरू होते. मग वरणभात आणि तूप, मेतकूट-भात, दुधात कुस्करलेली पोळी. मोठ्यांची आमटी उकळण्याआधी लहानांसाठी वाटीभर वरण बाजूला काढले जाते. नंतर आमटीतला बटाटा धुऊन दिला जातो, लोणच्याचा खार बोटाने चाटवला जातो, शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून पानात वाढली जाते. ‘तुला झोंबेल, तू नको घेऊस’ हे वाक्य तर मुलाच्या कानावर रोज पडते. या वाक्याचा परिणाम कोणत्याही आग्रहापेक्षा मोठा असतो, कारण त्यातून मुलाला कळते की समोरची लाल वाटी मोठ्यांची आहे. थोरले भावंड ती खाऊ लागले की धाकट्याला धीर धरवत नाही. पहिल्या प्रयत्नात ठसका लागतो, पाणी प्यायले जाते आणि त्याने काहीच भागत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. घरातले कोणीतरी दही किंवा दूध पुढे करते. दुधातील केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला बांधून घेते आणि आग उतरते. या क्षणी मूल जे शिकते ते महत्त्वाचे आहे. दाह होतो, तो उतरतो, इजा काहीच होत नाही, आणि सगळे कौतुकाने बघत असतात.

घराचा तिखटपणा किती, हे ठरते उन्हाळ्यात वर्षाचा मसाला होतो तेव्हा. रंगासाठी ब्याडगी किती, तिखटासाठी संकेश्वरी किंवा लवंगी किती, हे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. कोल्हापूरचा कांदा-लसूण मसाला, नागपूरचे सावजी वाटण, खानदेशी काळा मसाला, पुण्याकडचा गोडा मसाला ही प्रत्येक ठिकाणची ठरलेली पातळी आहे. मुलाला त्या पातळीपर्यंत पोहोचायचे असते. आजी, आई किंवा काकू मिरच्या निवडताना जे माप धरतात, त्यातून घरातल्या पुढच्या पिढीची जीभ घडते. पाककलेच्या पुस्तकांत ‘तिखट चवीनुसार’ असे लिहिलेले असते. ती चव अशी आधीच कोणीतरी घडवलेली असते.

एवढ्यावरून सवय कळते. सुख मात्र अजून कळत नाही. त्यासाठी रोझिन यांनी मांडलेली ‘निरुपद्रवी आत्मपीडे’ची कल्पना उपयोगी आहे. शरीर धोक्याची सूचना देते आणि मनाला पक्के ठाऊक असते की धोका नाही. शरीर फसले आहे आणि आपण फसलेलो नाही, या जाणिवेतच आनंद असतो. जत्रेतल्या आकाशपाळण्यात पोटात गोळा येतो तरी माणसे तिकीट काढून बसतात, ते याच वर्गातले सुख. रोझिन यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली: तिखट आवडणाऱ्यांना सर्वाधिक आवडणारी पातळी बहुधा असह्य होण्याच्या किंचित अलीकडची असते. मिरचीचा आनंद त्या काठाशी आहे, म्हणून प्रत्येकाचा काठ निराळा असला तरी सुख सारखेच असू शकते. लवंगी चावणारा आणि भाजीत अर्धी मिरची घालून घेणारा, दोघेही आपापल्या मर्यादेशी खेळत असतात. सौम्य खाणाऱ्याला हिणवण्याची आपल्याकडची पद्धत या दृष्टीने अगदी अन्याय्य आहे.

हा काठ कुणाचा कुठे असतो, यात उपजत स्वभावाचा आणि अनुवंशाचा वाटा आहे. फिनलंडमधील जुळ्यांच्या २०१२ मधील अभ्यासात तिखटाच्या आवडीतील फरकांचा १८ ते ५८ टक्के भाग आनुवंशिक घटकांनी स्पष्ट होतो असे दिसले. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात बर्न्स आणि हेज यांना २०१३ मध्ये आढळले की नव्या, तीव्र अनुभवांच्या शोधात असणाऱ्यांना तिखट अधिक आवडते. त्यांच्या २०१५ च्या लेखात स्त्रिया आणि पुरुष यांच्यात फरक दिसतो. स्त्रियांची आवड अनुभवाच्या ओढीशी अधिक जुळत होती, पुरुषांची आवड कौतुक किंवा बक्षिसाच्या ओढीशी.

ही दुसरी ओढ वेगळी काढून पाहावी लागते, कारण मिरची खाण्याच्या स्पर्धा तिच्यावरच चालतात. डेट्रॉईटमधील एका औषध कंपनीत विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये मिरचीचा अर्क साखरपाण्यात पातळ करत जाऊन, तो चाखणाऱ्याला झोंबेनासा होईपर्यंत किती पाणी लागते यावरून तिखटपणा मोजला. शुद्ध कॅप्सेसिन या मापावर १ कोटी ६० लाख एककांचे ठरते. ईशान्य भारतातील भूत जोलोकिया २००७ मध्ये दहा लाखांच्या वर गेली आणि गिनीज नोंदीत जगातली सर्वांत तिखट मिरची ठरली. २०२३ मध्ये तो मान २६ लाख ९३ हजार एककांच्या ‘पेपर एक्स’ला मिळाला. ईशान्येकडच्या घरांत भूत जोलोकिया पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते, लोणच्यात आणि चटणीत, बेताने. तिथल्या मुलांनी तिची चव घरच्या ताटातच शिकलेली असते. केवळ विक्रमासाठी वाढवलेल्या मिरच्यांना असे कोणतेही घर अजून मिळालेले नाही.